भित्र्या कुत्र्याचें अंगण

कुत्र्यावर लेख लिहिण्याचा प्रसंग आमच्यावर येईल असें आम्हांस पांच वर्षांपूर्वीं कोणी सांगितलें असतें, तर आम्हीं त्यास वेड्यांत काढलें असतें. आमचा जन्म मुलांस शिकविण्यांत गेला. शिक्षण बेताचें, मॅट्रिकपर्यंतचें; संस्कृत तेवढें वडिलांपाशीं बसून शिकलों. कुत्र्याशीं आमचा संबंध दोनच ठिकाणीं आला होता. एक पाणिनीच्या सूत्रांत, जेथें त्या महामुनीनें कुत्रा, तरुण पुरुष आणि प्रत्यक्ष इंद्र या तिघांस एकाच नियमाच्या दाव्यास बांधिलें आहे. आणि दुसरा वैश्वदेवानंतरच्या बलिहरणांत, जेथें कावळ्याप्रमाणें कुत्र्याचाही घांस काढून ठेवावयाचा असतो. सूत्र आम्हांस पाठ होतें आणि घांसही नेमानें ठेवीत होतों. पण तो घांस खाणाऱ्या प्राण्यास कशाचें सुख होतें आणि कशाचें भय वाटतें, हा विचार मनास कधीं शिवला नव्हता. तो ज्यानें आम्हांस करावयास लाविला त्याचें नांव वाघ्या. ‘नांव सोनूबाई हातीं कथलाचा वाळा’ या म्हणीस याहून चांगलें उदाहरण सांपडणार नाहीं. कारण वाघ्याइतका भित्रा जीव आम्हीं जन्मांत पाहिला नाहीं.

ज्या घरांत असा भित्रा, आणि भित्रा म्हणूनच अंगावर धांवून जाणारा कुत्रा आहे, त्या घरास आमच्या अनुभवाचा कांहीं उपयोग व्हावा, एवढाच या लेखाचा हेतु. ज्यांच्या घरीं कुत्रा नाहीं, पण लहान मुलें आहेत, त्यांनींही तो वाचावा असें आम्हांस वाटतें. कां, तें पुढें कळेलच.

वाघ्याचें आगमन

आमचें घर पुण्याच्या एका जुन्या पेठेंत आहे. थोरल्या बंधूंच्या पश्चात् आमच्या वहिनी घरांत सर्वांत वडील. त्यांचे दोन मुलगे व सुना, आमचे चिरंजीव व सूनबाई, आम्ही उभयतां आणि पांच नातवंडें, अशीं चौदा माणसें एका चुलीवर जेवतों. एका श्रावणांत धाकट्या पुतण्यानें वाघ्यास घरीं आणिलें. जातीनें गावठी, रंग तांबूस, वय सुमारें दोन वर्षें. एका इमारतीच्या तळघरांत, जेथें मोटारी उभ्या करितात तेथें, चार हात सांखळीस बांधलेल्या स्थितींत तो वाढला होता. मालक बिऱ्हाड हलवून गेले आणि कुत्रा तेथेंच राहिला, एवढाच त्याचा पूर्वेतिहास.

पहिले तीन दिवस तो जिन्याखालून बाहेर आला नाहीं. पुढें घरच्या माणसांस ओळखूं लागला आणि सर्वांत धाकट्या नातीच्या चटईपाशीं निजूं लागला. परंतु घराबाहेर पाऊल टाकतांच त्याचें रूप पालटे. छत्री, शिरस्त्राण घातलेला दुचाकीस्वार, हातांत काठी घेतलेला म्हातारा, दुसरा कुत्रा, यांपैकीं कांहींही दिसलें कीं दोन पायांवर उभा राहून तो अशा आवेशानें भुंके कीं धरणाराच्या हाताची सालडी निघे. पेठेंतील गल्ल्यांत दर दहा पावलांवर यांपैकीं कांहींतरी भेटणारच. त्यामुळें फिरावयास नेणें म्हणजे नित्याचें युद्ध होऊन बसलें. हळूहळू त्याचें बाहेर जाणें बंद झालें आणि तो गॅलरींत बांधलेला राहूं लागला. तेथून रस्ता दिसे. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांवर भुंकणें हाच त्याचा व्यवसाय झाला, आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी हा आमचा.

येथें आम्हांस आपल्या हातून घडलेला एक अपराध सांगावयाचा आहे. पस्तीस वर्षें शाळेंत वापरलेली वेताची छडी निवृत्तीच्या दिवशीं आम्हीं घरीं आणिली होती. वाघ्या गुरगुरला कीं ती छडी त्याच्या नाकाडावर बसूं लागली. पंधरा दिवसांत गुरगुरणें थांबलें. आम्हीं विजय मानिला आणि घरांत चार वेळां बोलूनही दाखविला.

मार्गशीर्षांतील एका सकाळीं दूध घालणारा मुलगा दारांत वांकला. वाघ्या गुरगुरला नाहीं, भुंकला नाहीं. एकदम झेपावला आणि मुलाच्या हातांत त्यानें दांत रोविले. जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं चांगली पंधरा मिनिटें धुतली आणि तडक इस्पितळ गांठून पिसाळरोगाची लस सुरू केली. कुत्र्यास आधींच लस टोंचली होती. तरीही या बाबतींत ‘बघूं उद्यां’ म्हणावयाचें नसतें, हें प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवावें, कारण हा रोग एकदां प्रकट झाला कीं माणूस वांचत नाहीं. मुलगा बरा झाला. पण त्याच्या आईनें आमच्या दारांत उभें राहून आमच्याकडे ज्या दृष्टीनें पाहिलें, ती दृष्टि आम्ही विसरलों नाहीं.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील सर्व मोठीं माणसें बसलीं. थोरला पुतण्या म्हणाला, “काका, आज परका मुलगा होता. उद्यां घरचा असेल. कुत्रा घरांत राहतां कामा नये.” त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. पण राहूं द्यावयाचा नाहीं म्हणजे करावयाचें काय? रस्त्यावर सोडावा, तर तो दुसऱ्या कोणाच्या मुलास चावणार आणि दगडांनीं मरणार. पुढें भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें गेला, तेव्हां २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशांत निर्बीजीकरण करून व लस टोंचून कुत्रीं आपापल्या भागांत परत सोडावीं, मात्र पिसाळलेलीं व आक्रमक कुत्रीं सोडूं नयेत, असें ठरलें. म्हणजे वाघ्यासारख्याच्या नशिबीं जन्माचा पिंजराच. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, घालवायचा तर घालवा, पण मुक्या जिवाला काय दुखतंय तें आधीं कोणी विचारलंय का?” दोन महिन्यांची मुदत ठरली आणि सभा उठली.

पशुवैद्यबाईंचें निदान

दुसऱ्या दिवशीं पुतण्यासह आम्ही पशुवैद्यबाईंकडे गेलों. त्यांनीं प्रथम कुत्र्याचें अंग तपासलें. उजव्या कानांत जुना विकार निघाला. ज्या कानास हात लावतांच तो डोकें हिसडी, त्याच बाजूनें आमची छडी येत असे. कुत्रा एकाएकीं चिडका झाला, तर आधीं कान, दांत, सांधे व पोट पाहावें. वेदना हें रागाचें फार जुनें कारण आहे. माणसांतही तें खरेंच आहे.

नंतर बाईंनीं आमची हकीकत ऐकून घेतली. छडीचा भाग आम्हीं जरा दबल्या आवाजांतच सांगितला. त्या म्हणाल्या, “तुम्हीं त्याची भीति घालवली नाहीं. त्याची घंटा तेवढी काढून घेतलीत.” गुरगुरणें ही धमकी नसून विनंती असते. तिच्या आधींही कुत्रा पुष्कळ कांहीं सांगत असतो: ओठ चाटतो, झोंप नसतां जांभई देतो, तोंड फिरवितो, शेपूट पोटाशीं घेतो, डोळ्याचा पांढरा भाग दाखवितो. हें सारें ज्यास वाचतां येत नाहीं तो गुरगुरण्यापर्यंत वाट पाहतो. आणि गुरगुरण्याबद्दल जो शिक्षा करितो त्यास पुढें सरळ चावाच मिळतो.

बाईंनीं दुसरी गोष्ट समजाविली ती अंतराची. प्रत्येक भित्र्या कुत्र्याची एक सीमा असते. भयाची वस्तु त्या सीमेपलीकडे असेल तर तो तिच्याकडे पाहतो, विचार करितो, हातांतील खाऊही खातो. ती सीमेच्या आंत आली कीं विचार संपतो. ॲड्रिनलीन नांवाचें द्रव्य क्षणांत रक्तांत उसळतें, आणि मागोमाग येणारें कॉर्टिसोल ओसरावयास त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो. पहिलें भय ओसरण्यापूर्वीं दुसरें आलें, त्यावर तिसरें आलें, कीं एरव्हीं ज्या क्षुल्लक गोष्टीकडे तो ढुंकून पाहता ना, तिच्यावर तो तुटून पडतो. त्यांतून गळ्यांत दोरी! मोकळ्या प्राण्यास भय वाटलें तर तो पळून जातो. दोरीनें पळण्याची वाट बंद केली कीं एकच उपाय उरतो, आणि तो म्हणजे समोरच्यास पळविणें. आम्ही ज्यास शौर्य समजत होतों तें असें होतें.

मग करावें काय? दिवसभर बांधून ठेवल्यानें शक्ति सांचते आणि भय वाढतें. रस्त्यावर नेल्यानें भयाचें खत घातलें जातें. बाईंचें उत्तर सोपें होतें. त्यास रोज धांवण्यास, हुंगण्यास आणि उकरण्यास अशी जागा द्या कीं जेथें भिंती आहेत, पण समोर भय नाहीं. थोडक्यांत, त्यास एक अंगण द्या.

सरमेचा शाप आणि १९२४ सालच्या दोन गोष्टी

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. महाभारताच्या आदिपर्वांत, पौष्योपाख्यानाच्या आरंभीं, एक गोष्ट आहे. जनमेजय कुरुक्षेत्रीं सत्र करीत असतां एक कुत्रा तेथें आला. राजाच्या भावांनीं त्यास मारून हांकलिलें. तो रडत आपली आई सरमा हिच्याकडे गेला. आपण हवि चाटला नाहीं, त्याकडे पाहिलेंही नाहीं, असें त्यानें सांगितल्यावर सरमा यज्ञभूमीवर आली आणि माझ्या निरपराध मुलास कां मारिलें, असें तिनें विचारिलें. कोणीही उत्तर दिलें नाहीं. तेव्हां तिनें शाप दिला कीं, तुमच्यावर न कळत भय येऊन कोसळेल. ही कथा आम्हीं वर्गांत कित्येक वेळां सांगितली असेल. त्या रात्रीं मात्र ती उलट्या बाजूनें दिसली. न दिसणारें, न कळणारें भय हेंच तर त्या मार खाल्लेल्या प्राण्याच्या पदरीं पडलेलें असतें. सरमेनें तें मारणारांस परत केलें, इतकेंच.

पुढें आम्हीं कांहीं वाचन केलें. त्यांत १९२४ या एकाच सालच्या दोन गोष्टी आढळल्या, त्या वाचकांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पाचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांची प्रयोगशाळा लेनिनग्राड येथें होती. २३ सप्टेंबर १९२४ रोजीं त्या शहरांत मोठा पूर आला. प्रयोगाचीं कुत्रीं पिंजऱ्यांतून काढून पाण्यांतून पोहवीत आणावीं लागलीं. जीव वांचले, पण कांहीं कुत्र्यांची पूर्वीं पक्की झालेली शिकवण पार विस्कटली. एक कुत्रें पुष्कळ दिवसांनीं पूर्ववत् झाल्यावर, त्याच्या खोलीच्या दाराखालून पाण्याची बारीकशी धार आंत सोडून पाहिली. तेवढ्यानें तें पुन्हां बिघडलें. पूर ओसरतो, पण भय जमिनींत मुरून राहतें.

त्याच सालीं अमेरिकेंत मेरी कव्हर जोन्स या विदुषीनें पीटर नांवाच्या, तीन वर्षेंही पुरीं न झालेल्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो सशास भीत असे. बाईंनीं त्यास खुर्चींत बसवून आवडता खाऊ दिला आणि ससा पिंजऱ्यांत घालून खोलीच्या दूरच्या टोंकास ठेविला. मुलाचें खाणें बिघडणार नाहीं इतपतच ससा दररोज थोडाथोडा जवळ आणिला. अखेर मुलगा त्यास हातानें कुरवाळूं लागला. मध्यंतरीं तो आजारी पडून इस्पितळांत राहिला आणि परततांना एका मोठ्या कुत्र्यानें त्याच्या अंगावर उडी घेतली. सगळी शिकवण मागें गेली आणि पुन्हां आरंभ करावा लागला. पस्तीस वर्षें मुलें शिकवून ही हकीकत आम्हांस निवृत्तीनंतर वाचावयास मिळाली, हें लिहितांना संकोच वाटतो. आमच्या शाळेंत भित्र्या मुलास फळ्यापाशीं उभें करीत. भीड चेपावी म्हणून. पाण्यास भिणारास पुरांत ढकलण्याचाच तो प्रकार.

वखारींतील अंगण

विलायतेंत ही अडचण ओळखून एक नवीनच धंदा निघाला आहे. शेतकरी एखादें शेत सुमारें सहा फूट उंच जाळीनें चारी बाजूंनीं बंदिस्त करितात आणि तें अर्ध्या किंवा एका तासाच्या भाड्यानें देतात. एका वेळीं एकाच घरचीं कुत्रीं; एक जाण्यापूर्वीं दुसरें येऊं नये म्हणून मध्यें थोडी सवड ठेवितात. अलीकडच्या वर्षांत, विशेषतः २०२० च्या महामारीनंतर, अशीं शेतें तेथें पुष्कळ वाढलीं. तेथें मेंढ्यांचे कळप मोकळे चरतात. त्यांच्या रक्षणासाठीं १९५३ पासून कायदा आहे. म्हणून वाटेल तेथें कुत्रा सोडतां येत नाहीं. आपल्याकडे मेंढ्यांच्या जागीं वाहनें आणि मोकाट कुत्रीं आहेत, इतकाच फरक.

पुण्यांत आम्हांस शेत कोण देणार? आमचा एक जुना विद्यार्थी गांवाबाहेर लांकडाची वखार चालवीत असे. धंदा दुसरीकडे हलविल्यामुळें ती मोकळी पडली होती. शाळेंत असतांना हा मुलगा मोठा मारकुटा होता. मधल्या सुटींत मागून कोणी हात लावला कीं वळून ठोसा द्यायचा. आणि आम्हीं त्याबद्दल त्यास किती छड्या मारल्या त्याची गणती नाहीं. त्याच्याकडे आम्ही संकोचानेंच गेलों. त्यानें सर्व ऐकून घेतलें, चहा दिला आणि म्हणाला, “सर, जागा तुमचीच समजा. भाडं नको. पण एक विचारूं? त्यालाही छडी दाखवली होती का?”

सरमेस उत्तर न देणारांच्या पंक्तीस बसणें आम्हांस बरें वाटलें नाहीं. आम्ही ‘हो’ म्हणालों. त्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “घरीं वडील मागून येऊन मारायचे. शाळेंत कोणी मागून आलं, कीं हात आपोआप उठायचा.” याहून अधिक तो बोलला नाहीं, आणि आम्हांसही बोलवलें नाहीं. निघतांना त्यानें किल्ली हातांत ठेविली.

ती जागा सुमारें शंभर फूट लांब व साठ फूट रुंद आहे. भिंत सहा फूट पक्क्या विटांची. फाटक मात्र लोखंडी गजांचें. गजांतून रस्त्यावरचीं कुत्रीं दिसलीं असतीं, म्हणून त्यास आंतून गोणपाट बांधलें. फाटकाच्या आंत चार हातांवर जुन्या फळ्यांचें दुसरें दार उभें केलें. एक बंद झाल्याखेरीज दुसरें उघडावयाचें नाहीं. भिंतीच्या कडेनें कुत्रा उकरून निसटेल अशा ठिकाणीं दगड पुरले. कोंपऱ्यांतील कण्हेर मुळासकट काढली, कारण ती कुत्र्यास विषारी आहे. गवत कापून घेतलें, कारण आपल्याकडे घोणशीचें भय असतें. खिळे वेंचण्याचें काम नातवंडांनीं केलें. सांवलीस पाण्याची परात ठेविली. या सर्वास आठ दिवस आणि थोडाच पैसा लागला. वाटेवर मोकाट कुत्र्यांचा सामना नको म्हणून पुतण्या त्यास मोटारींतून नेई. वेळ पहांटेची, उन्हाळ्यांत तर सूर्य वर येण्यापूर्वींच परतावें, नाहींतर तापलेल्या जमिनीनें पंजे भाजतात.

वाचकांस वाटेल कीं फाटक लागतांच वाघ्या आनंदानें धांवूं लागला असेल. तसें झालें नाहीं. पहिले तीन दिवस तो भिंतीच्या कडेनें पोट जमिनीस लावून फिरला आणि फाटकापाशीं येऊन बसला. आम्हीं हांक मारिली नाहीं, ओढलें नाहीं. एका ओंडक्यावर बसून विष्णुसहस्रनाम म्हणत राहिलों. चौथ्या दिवशीं त्यानें नाक जमिनीस लाविलें आणि अर्धा तास नुसतें हुंगण्यांत घालविला. बाई म्हणाल्या, हुंगणें हाही व्यायामच आहे. तो धांवण्याइतकाच त्यास निववितो. म्हणून आम्हीं पोळीचे व पनीराचे बारीक तुकडे गवतांत विखरून ठेवूं लागलों. (पनीर घरांत चाललें, अंडें वहिनींनीं चालूं दिलें नाहीं. मनुका, द्राक्षें, कांदा आणि चॉकलेट मात्र कुत्र्यास कधीं देऊं नयेत. तीं त्यास विषासमान आहेत. शिऱ्यांतील मनुकासुद्धां वेंचून काढावी.)

नवव्या दिवशीं तो धांवला. कारण कांहीं नव्हतें. उभा होता, अंग झाडलें, आणि एकाएकीं कान मागें टाकून सबंध वखारीस त्यानें सात-आठ प्रदक्षिणा घातल्या. शेवटीं आमच्या पायांशीं येऊन पडला, जीभ बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. दोन वर्षांच्या त्या प्राण्यानें मोकळें धांवणें बहुधा त्या दिवशीं प्रथमच अनुभविलें असावें. पुतण्या तोंड फिरवून उभा राहिला होता. त्या दिवशीं घरीं आल्यावर वाघ्या पांच तास झोंपला आणि गॅलरीकडे फिरकलाही नाहीं.

अंगण म्हणजे औषध नव्हे

येथवर वाचून कोणी असें समजूं नये कीं बंदिस्त जागा मिळाली म्हणजे काम झालें. अमेरिकेंत मेन प्रांतांतील बार हार्बर येथें एक प्रयोग झाला, त्याचा वृत्तांत १९६१ सालीं प्रसिद्ध झाला आहे. त्यांत कांहीं पिल्लें उंच कुंपणाच्या शेतांत माणसाचा संबंध न येऊं देतां वाढविलीं आणि निरनिराळ्या वयांत माणसाजवळ आणिलीं. ज्यांस चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटला नाहीं, तीं रानटी जनावरांसारखीं भित्रीं झालीं. स्कॉट व फुलर या शास्त्रज्ञांनीं १९६५ च्या आपल्या ग्रंथांत असें दाखविलें, कीं साधारण तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिल्लानें जगाशीं ओळख करून घेण्याचा असतो. वाघ्याचा तो काळ तळघरांत गेला. म्हणजे जें कुंपण मोठ्या भित्र्या कुत्र्यास विसावा देतें, तेंच लहान पिल्लास भित्रें करूं शकतें. अंगण हें विसाव्याचें आणि शिकण्याचें ठिकाण असावें. जगापासून लपण्याचें होऊं नये.

म्हणून महिन्याभरानें दुसरा पाठ सुरू केला. पुतण्याचा एक मित्र वखारीबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, पन्नास पावलांवर छत्री घेऊन उभा राही. आम्ही फाटकावरचें गोणपाट हातभर बाजूस करीत असूं. वाघ्यास छातीपट्टा व तीस फुटांची सुती दोरी. गळपट्ट्यास दोरी बांधीत नव्हतों, कारण ओढ बसली कीं गळा आवळतो. मित्र दिसला कीं पनीराचा तुकडा; तो आडोशास गेला कीं तुकडा बंद. क्रम हाच पाहिजे. आधीं भयाची वस्तु, मग खाऊ. उलट केल्यास खाऊ दिसतांच कुत्र्यास संशय येतो. मित्र एका आठवड्यांत पन्नासावरून पंचेचाळिसांवर आला. कांहीं दिवस पुन्हां साठांवर जावें लागलें. बाहेर नेण्यासाठीं जाळीच्या मुसकीची संवयही अशीच लाविली. आंत तोंड घातलें कीं खाऊ. मुसकी तोंड उघडून धापा टाकतां येतील व पाणी पितां येईल अशी सैल हवी. नुसता पट्टा आवळून तोंड बंद करणें घातक आहे.

ही शिकवण कंटाळवाणी आहे. तींत चमत्कार नाहीं. कांहीं कुत्र्यांस पशुवैद्याच्या देखरेखीखालीं औषधही द्यावें लागतें, आणि त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. परंतु ज्यांच्याकडे वखार नाहीं, त्यांनींही निराश होऊं नये. वाड्याचें मधलें चौक, इमारतीची कठडा उंच असलेली गच्ची, ओळखीच्या मंडळींचें बंद असलेलें मंगल कार्यालय, सुटीच्या दिवशींचें एखाद्या कारखान्याचें आवार, यांपैकीं कांहींतरी अर्धा तास मागून मिळतें. मात्र गच्चीचा कठडा नीट पाहावा, मालकाची परवानगी घ्यावी, घाण आपली आपण उचलावी आणि दोन अनोळखी भित्रीं कुत्रीं एकत्र कधीं सोडूं नयेत.

यांत केवळ दयेचा प्रश्न नाहीं, कायद्याचाही आहे. प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा आपला १९६० चा अधिनियम आहे. त्याच्या ११ व्या कलमांत, नेहमीं सांखळीस बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास मालकानें वाजवी व्यायाम न देणें ही क्रूरताच मानिली आहे. आमच्या गॅलरींत तो गुन्हा कित्येक महिने राजरोस चालला होता, आणि आम्ही स्वतःस प्राण्यांचे पालक म्हणवीत होतों.

दोन महिन्यांची मुदत संपली तेव्हां वाघ्या बरा झाला नव्हता. पण त्यानें कोणास दांत लाविला नव्हता, आणि तो पुन्हां गुरगुरूं लागला होता. तें गुरगुरणें ऐकून आम्हांस आनंद झाला, हें ऐकून थोरला पुतण्या प्रथम हंसला. मग त्यानेंच मुदत वाढविली. त्यानंतर मुदतीचा विषय कोणी काढला नाहीं. दूध घालणाऱ्या मुलाच्या घरीं आम्ही स्वतः जाऊन आलों. त्याच्या आईनें बसावयास पाट दिला, पण ‘पुन्हां दारांत कुत्रा असतां कामा नये’ असें बजाविलें. दूध येण्याच्या वेळीं वाघ्या आजही आंतल्या खोलींत कडी लावून असतो. ही अट योग्य आहे आणि ती आम्ही पाळतों.

आज तो पहांटे मुसकी लावून आमच्यासह गल्लींतून चालतो. वीस पावलांवर छत्री दिसली तर आमच्या तोंडाकडे पाहतो. दहा पावलांवर दिसली तर आम्हीच रस्ता बदलतों. गणपतीच्या ढोलाचे आणि दिवाळीच्या फटाक्यांचे दिवस तो अजूनही जिन्याखालींच काढतो, आणि आम्ही त्यास बाहेर ओढीत नाहीं. वखारींत मात्र आठवड्यांतून चार दिवस जाणें चुकत नाहीं. जागेचा मालक अधूनमधून आपल्या मुलास घेऊन येतो आणि भिंतीपाशीं उभा राहून पाहतो.

वैश्वदेवानंतरचा घांस पूर्वीं आम्ही अंगणांत ठेवून मागें वळत होतों. आतां वहिनी तो स्वतः नेतात. वयामुळें त्यांस वांकवत नाहीं. म्हणून त्या पायरीवर बसतात, हात पुढें करितात आणि वाट पाहतात. वाघ्या आधीं दुरून हुंगतो, मग दोन पावलें येतो, थांबतो, पुन्हां येतो. कधीं पांच मिनिटें जातात. सोंवळ्याचें काय, असें सूनबाईंनीं एकदां विचारिलें. वहिनी म्हणाल्या, “पुन्हां आंघोळ करीन. पाणी कुठें पळून जातंय?”

छडी आम्हीं खुंटीवरून काढून ठेविली आहे. जाळावी असें एकदां मनांत आलें होतें. पण जाळली नाहीं. ती माळ्यावर आहे. वाटेल तेव्हां काढून पाहतां यावी आणि कोणाकोणास लागली तें आठवावें, एवढ्यासाठीं ती असूं द्यावी असें ठरविलें. असो.